पेन्सिलीचे रविवार

मला तीनशे बारा दिवसांची कैद झाली, आणि त्यातला एकही दिवस न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतःच्या डोक्यानं दिलेला नव्हता. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात लिहिलं होतं, सरकारी वहीतल्या दर खोट्या नोंदीला दोन दिवस. माझ्या नोंदी निघाल्या एकशे छप्पन्न. त्यांनी गुणाकार केला, खालच्या लिपिकानं तो तपासला, आणि मग मला काही सांगायचं आहे का, असं विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, नोंदी खोट्या नाहीत. उशिराच्या आहेत."

त्यांनी तक्ता पुन्हा पाहिला. खरोखर पाहिला बिचाऱ्यांनी. उशिराच्या नोंदीला नुसती ताकीद होती, पण त्यासाठी त्याच दिवशीचा दुसरा लेखी पुरावा लागत होता. तसा काही आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, पेन्सिलीनं लिहिलेला, असं मी सांगितलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

हसणाऱ्याचं चुकलं नव्हतं. ते का, हे कळायला आधी वहीच्या शाईबद्दल सांगायला हवं. माझा तिच्यावर कितीही राग असला तरी ती खोटं बोलत नाही.

संगणकातली नोंद, फोटो, सही, आवाज, सगळंच कुणालाही घरबसल्या बनवता येऊ लागलं तेव्हा कोर्टांनी त्यावर विसंबणं सोडलं. सरकारनं परत वह्या आणल्या. पण वहीत मागची तारीख टाकता येते, हे सरकारला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून घड्याळी शाई आली. तिच्यात एक रंग असा असतो की कागदावर उतरून हवा लागली की त्याचे रेणू एकेक करून आपली ठेवण बदलू लागतात, ठरलेल्या गतीनं. भिजवून बांधून ठेवलेल्या मटकीत काही दाण्यांना मोड आलेले असतात, काहींना नसतात, आणि सराईत बाई मूठभर दाणे पाहून सांगते की बांधून किती वेळ झाला. तसंच हे. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, तशी ही गतीही उन्हानं वाढते. म्हणून शाईत आणखी एक रंग घालतात, त्यानं किती ऊन आणि किती गारवा सोसला तेवढंच तो राखून ठेवतो. तपासायचं यंत्र दोन्ही रंगांवर प्रकाश टाकतं आणि अक्षर केव्हा लिहिलं ते सांगतं. तीन-चार वर्षं जुन्या अक्षरातही चूक फार तर पाच-सहा तासांची. आता दुकानातलं साधं पेनही याच शाईचं मिळतं, दुसरं ठेवायची परवानगीच नाही.

पेन्सिलीत मात्र नुसता कोळसा. काल लिहिलेलं आणि दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, त्याला सगळं सारखंच.

तळेखेडच्या ग्रामीण रुग्णालयात लसींचा फ्रिज माझ्या ताब्यात होता. लसी दोन ते आठ अंशांत राहिल्या पाहिजेत, त्याच्या वर गेल्या की त्या नुसतं पाणी, आणि पाणी टोचलंय हे पोराला गोवर होईपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून रोज तापमान बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची. रविवारीही. फ्रिजची किल्ली माझ्याकडं होती. वहीच्या कपाटाची किल्ली भांडारप्रमुख घुगे साहेबांकडं असायची, आणि ते शनिवारी दुपारी ती खिशात घालून आपल्या गावी जात. पूर्वी वही फ्रिजवरच पडलेली असायची. शाई आली, वहीला मोल आलं, तशी ती कुलपात गेली. रविवारपुरती किल्ली मागितली तर साहेब म्हणायचे, कोर्टात जाणारा कागद आहे तो, मॅडम.

तर मी रविवारी सकाळी जायची, काटा बघायची, घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहायची, आणि सोमवारी तो वहीत उतरवायची. तीन वर्षं. एका रविवारी काटा साडेनऊवर होता. मी सगळ्या लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या आणि वहीत साडेनऊच लिहिले. त्याबद्दल मला मेमो मिळाला. पुढं खटल्यात तीही खोटी नोंद म्हणून मोजली गेली. एकाच आकड्यासाठी खरं लिहिल्याचा मेमो आणि खोटं लिहिल्याची कैद मिळालेली बाई जिल्ह्यात मी एकटीच असावी.

तपासणीची गाडी आली तेव्हा त्या माणसानं हातातलं यंत्र वहीवरून फिरवलं. बरोबर वेळी लिहिलेल्या ओळीला हिरवा दिवा, नसेल तर लाल. पानापानावर सातवी ओळ लाल होत गेली. इतकं नीटनेटकं दिसत होतं ते, की क्षणभर मलाच बरं वाटलं. घुगे साहेबांची सही दर सोमवारी, सोमवारच्याच तारखेची. सगळी हिरवी. साक्षीत ते म्हणाले की वही सर्वांना कायम उपलब्ध असे.

अपील होईपर्यंत शिक्षेला स्थगिती मिळाली, बडतर्फीला मिळाली नाही. निकालाची नक्कल हातात यायला अडीच महिने गेले. मग सत्र न्यायालयाच्या तारखा सुरू झाल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली म्हणून ते नागपूरला गेलेलं. माझ्या वकील नसरीन काझी, वय पस्तिशीचं, चष्मा डोक्यावर सरकवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दोषी आहात की नाही, यात शिरायचंच नाही, मंजुषाताई. शाईशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. आपण फक्त शिक्षा कमी करा म्हणू." आणि शिक्षा कमी करायला काहीतरी लागतं, ते आमच्याकडं नव्हतं. पेन्सिलीचं नाव काढलं की त्या चष्मा शोधायला लागत.

मधल्या काळात माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. बर्फाच्या पेटीचं झाकण कसं बसतं, विचारत होती. मी सहज विचारलं, रविवारचं काय करतेस? ती म्हणाली, ओळ कोरी सोडते. तुमच्या केसनंतर सगळ्या तालुक्यात सगळे कोरीच सोडतात, मॅडम, कोऱ्या ओळीला शिक्षा नाही. मग रविवारी काटा कोण बघतं, असं विचारल्यावर ती परत झाकणाचं विचारू लागली.

घरात मी आणि सासूबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंचं नाव प्रमिला, वय शहात्तर, जीभ पंचवीसची. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करा. त्या लाल पेनानं चौकोन भरेल एवढी मोठी बरोबरची खूण करत. रविवारच्या चौकोनात माझा आकडा असायचा म्हणून आमचं तीन वर्षं भांडण. "माह्या गोळीच्या जागेत तुह्या फ्रिजचा ताप कायले लेहतं?" असं त्या विचारत आणि माझ्या आकड्यावरूनच पेन ओढत.

हे भांडण आपल्या कामाचं आहे, हे मला दसऱ्याच्या आधी कळलं. डबे घासायला काढले होते. आमच्याकडं जुनी कॅलेंडरं फळ्यांवर अंथरतात. डाळीचा डबा उचलला तर खाली तीन वर्षांपूर्वीचा मार्च, रविवारी चार, चार, पाच, चार, आणि प्रत्येकावरून लाल रेघ गेलेली. मी ओल्या हातानं तशीच उभी राहिले. पेन्सिलीला तारीख नाही, पण तिच्यावरच्या शाईला आहे. रेघ त्या मार्चमधली असेल, तर तिच्याखालचा आकडा तिच्या आधीचा. म्हणजे गाडी येण्याच्या, खटल्याच्या, कशाच्याही कितीतरी आधीचा.

काझी मॅडमना फोन केला. त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारून घेतलं. शाईच्या वर पेन्सिल असेल तर तिची चकाकी अखंड दिसते, खाली असेल तर जिथं रेघ ओलांडते तिथं ती झाकली जाते. भिंगाखाली पाच मिनिटांचं काम. मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चष्मा सापडल्यासारखा आला. सगळी छत्तीस पानं घेऊन या, म्हणाल्या.

संध्याकाळी भाजी घेऊन आले तर फळ्या उघड्या आणि पानं गायब. सासूबाई आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसलेल्या, पोथी उलटी धरून.

पानं कुठं आहेत, असं मी विचारलं. मुंग्या झाल्या होत्या, फेकली, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, उठा पेटीवरून. त्या उठल्या नाहीत. दोन दिवस उठल्या नाहीत म्हटलं तरी चालेल, जेवायलाही ताट तिथंच मागवलं. मी समजावलं, रागावले, यंत्राचं सगळं शास्त्र मटकीसकट सांगितलं. तीनशे बारा दिवस, आई, मी आत गेले तर तुमच्याकडं कोण बघेल? त्यावर त्यांनी तोंड फिरवलं. मला इतकी चीड आली होती की भाकरी थापताना परातीचा आवाज शेजारी ऐकू जात होता. ज्या बाईचं सगळं मी करते, तिनं माझ्या सुटकेच्या कागदावर बसावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आपणहून बोलल्या.

"ते यंत्र माह्या खुणाही वाचंन ना?"

वाचेल, मी म्हटलं.

"मंग वाचू दे. त्या खुणा खोट्या हायेत." त्या पेटीच्या कडीशी चाळा करत होत्या. "गोळी घेतली का घडीघडी लघवीले उठा लागे. भजनात बसलं का उठा, जेवाले बसलं का उठा. म्या घेणंच सोडलं. डॉक्टरकडे जायाच्या आदल्या दिवशी बसून सारा महिना भरून टाकत होती. गोळ्या मोरीत."

महिन्याच्या मधे चौकोन कोरे दिसायचे, तेव्हा खुणा मागाहून करतात पण गोळी रोज घेतात, असं मी धरून चालले होते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं होतं. खुणा महिनाभर सलग, तरी दाब चढलेलाच. म्हणून त्यांनी गोळी दुप्पट केली. त्याच आठवड्यात सासूबाईंना ताप आला आणि औषधं मी स्वतः भरवायला घेतली. तीन दिवस, माझ्या हातानं, दुप्पट गोळी, एकाही गोळीची सवय नसलेल्या शरीराला. चौथ्या दिवशी दाब एकदम उतरला, त्या न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळ्या रांगेसमोर बोलले होते. लेखी तक्रार केली होती. आमच्या घरात औषधाची रोज नोंद होते, असं तिच्यात ठसठशीत लिहिलं होतं.

"मी त्या डॉक्टरला किती बोलले, आई."

"माहीत हाय. पडद्यामांगूनच ऐकत होती."

त्यांचा हात अजून नीट वळत नव्हता. त्याच हातानं त्यांनी पेटी उघडली आणि पानं काढून माझ्यासमोर ठेवली, वर्षवार लावलेली. तेलाचे डाग पडलेला ऑगस्ट वर होता.

"चार रविवार कोरे हायेत तुहे," त्या म्हणाल्या. "म्या पाह्यले."

होते. मलाही माहीत होतं. एक नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा, दोन माझ्या तापाचे, आणि एक नुसत्या कंटाळ्याचा. त्या दिवशी उठवलंच नाही. चारही सोमवारी मी वहीत बेधडक पाच लिहिले होते. फ्रिज बहुतेक पाचावरच असतो; त्यातला 'बहुतेक' मी तीन वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

"मंग चार येळा तूही माह्यासारखीच," सासूबाई म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पेटी सोडून चहा टाकायला गेल्या.

अपिलात नवा पुरावा आणायचा तर त्यासाठी वेगळा अर्ज, त्या अर्जावर वेगळं म्हणणं, त्या म्हणण्याला वेगळी तारीख. त्यात सात महिने गेले. प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला आणि त्यामुळंच वाईट झालं. एकशे एक्केचाळीस चौकोनांत पेन्सिल शाईच्या खाली. अकरा तेलानं खराब. चार कोरे. आणि पुढच्या परिच्छेदात, लाल खुणा दररोजच्या नसून दर महिन्याला एकाच बैठकीत केलेल्या आहेत. सरकारी वकील फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं की आरोपी ज्या कागदाच्या आधारे स्वतःला खरं ठरवू पाहते, तो कागदच जर अथपासून इतिपर्यंत बनावट असेल, तर न्यायालयानं त्यातलं नेमकं काय मानायचं?

काझी मॅडमनी खाली बसत मला सांगितलं की खुणा करणाऱ्यानंच उभं राहून सांगितलं तर काहीतरी होईल. मी नको म्हटलं. शहात्तर वर्षांच्या बाईनं गाव गोळा करून आपण खोटं वागलो हे सांगायचं, तेही माझ्यासाठी, हे मला नको होतं. आमचं हे कुजबुजत चाललेलं असताना मागून काठीचा आवाज आला. सासूबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडं निघाल्याही होत्या. शिपायानं त्यांना थांबवलं, रीतसर नाव पुकारलं जाईपर्यंत थांबा म्हणाला. त्या उभ्याच थांबल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना पुकारलं.

सरकारी वकिलांनी त्यांना आदरानं विचारलं की तुम्ही तीन वर्षं डॉक्टरांना फसवत होता, हे खरं का? त्यांनी हो म्हटलं. सुनेलाही? हो. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

"माह्यावर नका ठेवू," सासूबाई न्यायाधीशांकडं वळून म्हणाल्या. "म्या खोटं लेहलं साहेब, अन् येळेवर लेहल्यासारखं दाखोलं. तिनं खरं लेहलं, उशिरा. तुमचं यंत्र आमा दोघींले एकच लाल दिवा दाखोते, त्याले मी काय करू? ती दर रविवारी सकायी जाये अन् येऊन आकडा लेहे. महिना संपला का म्या तिच्या आकड्यावर रेघ ओढो. मले जागा पुरत नोयती म्हणून राग ये. तो राग खरा होता, एवढं लेहून घ्या."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. घरच्या कॅलेंडरला हा कायदा लागू नाही, त्यामुळं घाबरू नका, असं त्यांनी सांगितलं. मी घाबरलेली नाही, पाय दुखतात, असं सासूबाई म्हणाल्या.

निकाल आणखी तीन तारखांनी आला. एकशे एक्केचाळीस नोंदी उशिराच्या धरल्या. तेलाच्या अकरांचा फायदा मला दिला. गाडी येणार हे कुणालाच माहीत नसताना तीन वर्षं आधीपासून स्वयंपाकघरात बनावट पुरावा रचणारी बाई कल्पिणं कठीण आहे, असं निकालात एक वाक्य आहे, ते मी पाठ केलंय. चार नोंदी खोट्याच राहिल्या, मी त्या नाकारल्याही नव्हत्या. दहाच्या आत नोंदी असतील तर तक्ता बंधनकारक नसतो. न्यायाधीशांनी तीनशे बारा दिवसांच्या जागी शिक्षा दिली, न्यायालय उठेपर्यंत कैद. म्हणजे आजचं कामकाज संपेपर्यंत इथंच बसायचं, आणि मग घरी.

मी काझी मॅडमना नोकरीचं विचारलं. त्या चष्मा शोधू लागल्या. मग म्हणाल्या की चार का होईना, खोट्या ठरल्यात, बडतर्फी कायम राहील. त्याविरुद्ध दाद वेगळ्या ठिकाणी मागावी लागते, तिथं तीनेक वर्षं धरून चला. आणि कपाटाच्या किल्लीबद्दल? निकालात किल्लीचा उल्लेख नव्हता. घुगे साहेबांना बढती मिळाली होती. निकालाच्या आदल्या रविवारीही फ्रिजच्या काट्याकडं कुणी बघितलं नसणार, आणि वहीत त्याबद्दल एकही खोटी ओळ नसणार.

तर बसले. शिक्षा झालेल्यांचा बाक शिरस्तेदाराच्या टेबलाला लागूनच असतो. सासूबाई शेजारी बसल्या; त्यांना शिक्षा नाही, असं शिपायानं दोनदा सांगून पाहिलं. अडीच वाजता त्यांनी पिशवीतून गोळी काढली, मला तळहातावर दाखवली, आणि पाण्याबरोबर घेतली. खूण करायला कॅलेंडर नव्हतं, ती सगळी कोर्टात जमा. मी पाहिलंय ना, म्हटलं. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासानं बाहेर जाऊन आल्या, आणखी अर्ध्या तासानं पुन्हा. येताना माझ्याकडं असं बघत होत्या, जणू गोळी मी शोधून काढली.

चारच्या सुमाराला वर दुसऱ्याच खटल्यात कुणाचा तरी मोठ्यानं युक्तिवाद चाललेला होता. शिरस्तेदारांनी रोजनामा पुढं ओढला, दिवसभराचं काय झालं ते त्यात लिहितात. वयस्क माणूस, बाजूला जेवणाचा डबा बांधून तयार, पावणेसहाची एसटी असणार. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या नावापुढं लिहायला घेतलं. इतक्या जवळून मला अक्षर वाचता येत होतं. आरोपी न्यायालय उठेपर्यंत...

मी पुढं वाकून हळूच म्हटलं, "दादा, अजून दीड तास आहे."

"रोजचंच आहे, ताई," ते न बघता म्हणाले. मग त्यांनी पेनाच्या टोकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझा खटला काय होता ते त्यांना आठवलं असावं. हात तिथंच राहिला. शेवटच्या अक्षराचा काना ओला दिसत होता.

मी पर्स उघडली. कॅलेंडरवर आकडे लिहायची पेन्सिल अजून तिच्यातच होती, मागून चावलेली. ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उचलली. उरलेली ओळ पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिली, आणि हात मांडीवर ठेवून तेही आमच्यासारखेच बसून राहिले.

साडेपाचला कोर्ट उठलं. आम्ही तिघं उभे राहिलो. शिरस्तेदारांनी पुन्हा पेन उघडलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश, एकही काना न चुकवता, गिरवत गेले. तोवर त्यांची एसटी गेली असावी.

"पेन्सिल मागून घेजो त्याच्याकून," दारात सासूबाई म्हणाल्या.

मी ती तिथंच राहू दिली.